जे दिसत नाही त्याची सोनोग्राफी

निरोगी फुप्फुस सोनोग्राफीत दिसत नाही. अंधूक दिसतं असंही नाही, मुळीच दिसत नाही. यकृत दिसतं, मूत्रपिंडं दिसतात, गर्भाच्या हाताची बोटं मोजता येतात. पण छातीवर प्रोब ठेवला, की दोन-तीन सेंटिमीटर खोलीवर एक लखलखीत पांढरी रेघ येते आणि खरं चित्र तिथेच संपतं. त्या रेघेखाली मशीन जे दाखवतं, तसं काहीही तिथे नसतं. आणि तरीही हृदयाची किंवा फुप्फुसाची शस्त्रक्रिया होऊन आयसीयूत आलेल्या माणसाच्या छातीत हवा अडकली आहे का, पाणी साठलं आहे का, फुप्फुसाचा एखादा भाग मिटला आहे का, हे आज डॉक्टर खाटेपाशी उभे राहून याच मशीनवर काही मिनिटांत सांगतात. जे दिसत नाही, त्याची तपासणी होते तरी कशी?

सुरुवात आवाजापासून करू. प्रोबच्या टोकाशी खास सिरॅमिकचे बारीक तुकडे असतात. त्यांना विजेचा झटका दिला की ते थरथरतात आणि आवाज निघतो. परतलेला आवाज त्यांच्यावर आदळला की उलट तेच वीज तयार करतात. म्हणजे तोंडही तेच आणि कानही तोच! काही स्फटिक दाबले की त्यांत वीज तयार होते, हे पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. पहिल्या महायुद्धात पिएरचाच विद्यार्थी पॉल लांजव्हां याने क्वार्ट्झच्या स्फटिकांनी समुद्रात आवाज सोडून पाणबुड्यांचा माग काढायची खटपट केली. तीच युक्ती आज जेल लावून आपल्या छातीवर टेकवली जाते.

आपल्या कानाची मजल सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत. प्रोबचा आवाज सेकंदाला २० लाखांपासून एक कोटी कंपनांपर्यंत, कधी त्याहूनही वर. हा आवाज शरीरात सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने धावतो. दहा सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून किंचितच जास्त वेळ लागतो. मशीन तेवढा वेळ मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. प्रोब आवाज करतो तो निमिषभर, उरलेला सगळा वेळ तो फक्त ऐकत असतो.

हे गणित करताना मशीन तीन गोष्टी गृहीत धरतं. आवाज सरळ गेला, एकदाच आपटून परतला आणि सगळीकडे त्याच वेगाने धावला. मऊ मांसल अवयवांत हे बऱ्यापैकी खरं ठरतं. हवा लागली की तिन्ही गृहीतकं कोसळतात.

कारण मांस आणि हवा यांच्या सीमेवर आवाजाचा जवळजवळ सगळा भाग, ९९.९ टक्के, मागे फिरतो. म्हणून तर प्रोब लावण्याआधी ते थंडगार जेल चोपडतात. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी आवाज आत शिरणार नाही. आता विचार करा, फुप्फुस म्हणजे काय? तीस ते पन्नास कोटी वायुकोश, सगळे हवेने भरलेले. आवाजाला याहून अभेद्य भिंत शरीरात दुसरी नाही. म्हणून वर्षानुवर्षं वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेलं असे, की फुप्फुसासाठी सोनोग्राफीचा उपयोग नाही. भौतिकशास्त्र अगदी बरोबर होतं. निष्कर्ष मात्र घाईचा निघाला.

आवाज भिंतीला आपटून परत येतो, तो प्रोबवर आपटून पुन्हा भिंतीकडे जातो, पुन्हा परततो. सलूनमध्ये समोर आणि पाठीमागे आरसा असला, की आपलंच डोकं रांगेने दूरवर दिसत जातं ना, तसंच. मशीनला वाटतं, दुप्पट वेळाने आलेला आवाज दुप्पट खोलीवरून आला, तिप्पट वेळाने आलेला तिप्पट खोलीवरून. ते इमानेइतबारे तिथे रेघा काढतं. समान अंतरावर, आडव्या, खाली खाली फिकट होत जाणाऱ्या. डॉक्टर त्यांना ए रेषा म्हणतात. त्या जागी शरीरात काहीच नसतं. पण या रेषा असणं म्हणजेच त्या पांढऱ्या रेघेमागे हवा आहे याचा पुरावा! आता ही हवा फुप्फुसातली की फुप्फुसाबाहेर निसटलेली, एवढंच ठरवायचं उरतं.

ते ठरतं हालचालीवरून. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरं. दोघांच्या मध्ये जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो. श्वासागणिक आतलं आवरण बाहेरच्यावरून सरकतं, मिनिटाला बारा ते वीस वेळा, जन्मापासून अखेरपर्यंत, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पडद्यावर ती पांढरी रेघ या सरकण्याने चमचमते. दोन बरगड्यांच्या सावल्या आणि मधोमध ही हलती रेघ, बस्स. ती सरकत असेल, तर त्या जागी दोन आवरणांच्या मध्ये हवा शिरलेली नाही.

ही खूण कोणाच्या प्रथम लक्षात आली, माहीत आहे? घोड्यांच्या डॉक्टरच्या. नॉर्मन रँटेनन या अमेरिकी पशुवैद्याने १९८६ मध्ये घोड्यांच्या छातीचे आजार सांगताना हे सरकणं आणि त्याचं थांबणं यांचा अर्थ लावला. माणसांच्या आयसीयूत ते पक्कं रुजवलं डॅनियल लिश्टेनस्टाइन या फ्रेंच डॉक्टरने. पॅरिसला लागून असलेल्या बुलोन्य-बियांकूरच्या आंब्रुआझ-पारे रुग्णालयात तो रुग्णांच्या छातीवर प्रोब लावून बाकीचे ज्याला कचरा म्हणत ते निरखत बसे. १९९२ मध्ये त्याचं आयसीयूतल्या सोनोग्राफीवरचं पुस्तक आलं, १९९५ मध्ये सरकत्या रेघेवरचा लेख, १९९७ मध्ये उभ्या रेषांवरचा, त्यांच्याकडे पुढे येऊच. त्याची थोरवी मला यात वाटते, की त्याने नवं मशीन मागितलं नाही. जुन्याच मशीनच्या चुका त्याने नीट वाचल्या. १८१६ मध्ये याच पॅरिसमधल्या नेकेर रुग्णालयात लाएनेकने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. छातीच्या आत काय चाललंय हे कळण्याची आणखी एक मोठी क्रांतीही त्याच शहराच्या वेशीवर घडली.

आता शस्त्रक्रियेकडे या. भूल दिल्यावर फुप्फुसाचं काय होतं? १९८५ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी भूल दिलेल्या लोकांचे सीटी स्कॅन काढले. भूल चढून पाच मिनिटं होतात न होतात, तोच पाठीकडच्या भागात फुप्फुस मिटायला लागलेलं होतं! स्नायू सैल पडतात, श्वासपटल वर सरकतं, पाठीकडचे वायुकोश दबून बंद होतात. भूल घेणाऱ्या दहांतल्या सुमारे नऊ जणांत हे थोडंफार होतंच. त्यात शस्त्रक्रिया छातीचीच असेल तर भर पडते. बायपासच्या वेळी हृदय थांबवून रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात, तेव्हा फुप्फुसं काही काळ चक्क रिकामी पडून असतात. फुप्फुसाचा तुकडा काढायचा असेल तर त्या बाजूचं फुप्फुस मुद्दाम मिटवून एकाच फुप्फुसावर श्वास चालवतात. मग शुद्धीवर आल्यावर छातीची जखम दुखते, माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो. नर्स आणि फिजिओथेरपिस्ट त्याच्या हातात तीन रंगीत चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र देऊन ‘ओढा, अजून ओढा’ म्हणून मागे लागतात, ते उगीच नाही.

फुप्फुसाचा मिटलेला भाग सोनोग्राफीत कसा दिसतो? आणि इथे सगळ्या गोष्टीचा कणा आहे. हवा गेली की भिंत गेली. आवाज आत शिरतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाचं फुप्फुस पडद्यावर प्रकट होतं, घट्ट, करडं, थेट यकृतासारखं! निरोगी असेपर्यंत ते अदृश्य होतं. आजारी पडलं तसं दिसू लागलं. आजार जितका दाट, तितकं चित्र स्पष्ट. ज्या हवेने तपासणी अशक्य केली होती, तिच्या नसण्यानेच निदान होतं.

त्या करड्या भागात कधीकधी पांढरे ठिपके चमकतात. मिटलेल्या फुप्फुसातल्या श्वासनळ्यांत उरलेले ते हवेचे बुडबुडे. श्वास घेताना हे ठिपके आत-बाहेर धावत असतील, तर वाट मोकळी आहे. मग आजूबाजूचं फुप्फुस घट्ट का झालं? न्यूमोनियाचा संशय बळावतो. ठिपके जागच्या जागी खिळलेले असतील, तर नळीत कुठेतरी कफाचा बोळा अडकला असण्याची शक्यता वाढते. एकाला प्रतिजैविकं लागतात, दुसऱ्याला कफ काढण्याची धडपड. एक्स-रेत दोन्ही पांढरे डागच. हलणारं चित्र असल्याशिवाय हा भेद करायचा कसा?

पाण्याचं तर आणखी सोपं. शस्त्रक्रियेनंतर छातीत द्रव किंवा रक्त साठणं नेहमीचंच. तो फुप्फुसाबाहेर, दोन आवरणांच्या मध्ये साठतो आणि पडद्यावर काळाभोर दिसतो, कारण पाण्यातून आवाज न अडखळता जातो. इतका न अडखळता, की एरवी हवेआड दडलेले छातीतले मणकेही पाण्यापलीकडे दिसायला लागतात. किती पाणी आहे तेही मोजता येतं. प्रागच्या मार्टिन बालिक यांच्या गटाने २००६ मध्ये एक सोपं सूत्र दिलं. रुग्ण पाठीवर, धड थोडं उंचावलेलं, अशा स्थितीत फुप्फुस आणि छातीची भिंत यांतलं सर्वांत मोठं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि वीसने गुणा. ३० मिलिमीटर म्हणजे सुमारे ६०० मिलिलिटर. शाळेतल्या मुलाला जमेल असा गुणाकार, आणि त्यावरून सुई घालायची की थांबायचं हे ठरायला मदत होते! सुईही मग बघत बघत, योग्य जागीच घालता येते.

हवेचा प्रश्न अधिक घातक. फुप्फुसाचा तुकडा काढल्यावर शिवलेल्या जागेतून हवा गळू शकते. म्हणून तर छातीत नळी ठेवतात. नळी काढल्यावर हवा पुन्हा साठली का? पाठीवर निजलेल्या माणसात हवा वर, म्हणजे पुढच्या बाजूला येते आणि झोपवून काढलेल्या एक्स-रेत सहज निसटते. सोनोग्राफीत मात्र पुढच्या बाजूलाच प्रोब लावायचा असतो. रेघ सरकत नाही, खाली ए रेषा तेवढ्या दिसतात. मग प्रोब हळूहळू बाजूला नेतात आणि एका जागी अजब दृश्य दिसतं. श्वास घेताना रेघ सरकते, सोडताना थिजते. पुन्हा सरकते, पुन्हा थिजते. निसटलेली हवा संपून फुप्फुस छातीला टेकतं ती सीमारेषा श्वासागणिक प्रोबखालून जात-येत असते. ही खूण सापडली की शंका जवळपास उरत नाही. लिश्टेनस्टाइनच्या २००० सालच्या अभ्यासात छातीत हवा नसताना ती एकदाही दिसली नाही.

पण रेघ थांबली म्हणजे हवा शिरलीच, असं नाही. व्हेंटिलेटरसाठी घशातून घातलेली नळी चुकून श्वासनलिकेच्या उजव्या फाट्यात खोल गेली, तर डावं फुप्फुस हलत नाही. अशा वेळी रेघेकडे टक लावून बघा. ती सरकत नाही, पण बारीक थडथडते, हृदयाच्या ठोक्याला ठोका! हृदयाचा धक्का न हलणाऱ्या फुप्फुसातून छातीच्या भिंतीपर्यंत पोचतो. मध्ये हवेचा थर असता तर तो पोचलाच नसता. म्हणजे फुप्फुस जागेवर आहे, नळी थोडी मागे ओढायची आहे. श्वास थांबलेल्या ठिकाणी हृदय येऊन साक्ष देतं!

आता उभ्या रेषा. फुप्फुसाच्या आतच, वायुकोशांच्या भिंतींत पाणी झिरपू लागलं, की पांढऱ्या रेघेपासून थेट पडद्याच्या तळापर्यंत झगझगीत उभ्या पट्ट्या उतरतात. या बी रेषा. श्वासाबरोबर त्या डोलतात आणि वाटेतल्या ए रेषा पुसून टाकतात. यांच्या एका नातलगाची नोंद १९८२ मध्ये झाली होती, तीही यकृतात घुसलेल्या बंदुकीच्या छऱ्यांमागे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरात द्रव जास्त झाला की बी रेषा वाढतात, आणि तो लघवीवाटे निघून गेला की कमी होतात. डायलिसिस चालू असताना तर यंत्र पाणी ओढत असतानाच रेषा एकेक करून नाहीशा होताना पाहिलेल्या आहेत. औषध लागू पडतंय की नाही हे डोळ्यांसमोर दिसावं, असे प्रसंग वैद्यकात किती येतात?

या सगळ्यावरून गुण देण्याची पद्धतही बसली आहे. छातीचे बारा भाग पाडायचे. प्रत्येकाला शून्य ते तीन. शून्य म्हणजे हवेने भरलेलं, तीन म्हणजे पूर्ण घट्ट. बेरीज ३६ पर्यंत जाऊ शकते. काल १८, आज ११ असा आकडा आला, की फुप्फुस उघडतंय. हे रोज, दिवसातून तीनदाही करता येतं, कारण किरणोत्सर्ग नाही. जन्मजात दोषासाठी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या तान्ह्या बाळांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि श्वासपटल! ते चालवणारी नस मानेतून निघते आणि हृदयाच्या आवरणाला अगदी चिकटून खाली जाते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत थंडीने किंवा ओढाताणीने ती दुखावू शकते. मग रुग्ण व्हेंटिलेटरवरून सुटत नाही आणि फुप्फुसं तर ठीक दिसतात. बरगड्यांखालून प्रोब लावा आणि रुग्णाला नाकाने झटकन श्वास ओढायला सांगा. निरोगी श्वासपटल खाली झेपावतं. लुळं पडलेलं उलट वर खेचलं जातं. कोडं तिथल्या तिथे उलगडतं.

हे कितपत भरवशाचं? २००४ मध्ये लिश्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसं गंभीरपणे बिघडलेल्या रुग्णांत सीटी स्कॅनला प्रमाण मानून तुलना केली. छातीतलं पाणी ओळखण्यात स्टेथोस्कोप ६१ टक्के अचूक, खाटेवरचा एक्स-रे ४७, सोनोग्राफी ९३. फुप्फुसाचा घट्ट झालेला भाग ओळखण्यात स्टेथोस्कोप ३६, एक्स-रे ७५, सोनोग्राफी ९७. शिवाय सीटीसाठी नळ्या, सलाइनचे पंप, व्हेंटिलेटर अशा लवाजम्यासह रुग्णाला हलवावं लागतं. इथे मशीनच रुग्णाकडे येतं.

मर्यादा आहेत आणि त्या ठाऊक असायलाच हव्यात. घट्ट झालेला भाग फुप्फुसाच्या खोल गाभ्यात असेल आणि भोवती हवा असेल तर तो दिसणार नाही. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर हवा कातडीखाली पसरली, हात लावला की कुरकुरते तशी, तर आवाज तिथेच अडतो आणि एक्स-रे किंवा सीटीला शरण जावं लागतं. ड्रेसिंगची पट्टी नेमकी हवी त्या जागी असते. जुन्या आजाराने आवरणं एकमेकांना चिकटली असतील, तर रेघ सरकत नाही आणि ठोक्याकडे लक्ष दिलं नाही तर फसगत होते. शिवाय आपल्याकडे सोनोग्राफीचं मशीन नोंदणीशिवाय वापरता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. मुलींच्या जिवासाठी ही बंधनं आवश्यकच आहेत. पण त्याच चौकटीत आयसीयूतल्या अधिकाधिक डॉक्टरांना फुप्फुसाची सोनोग्राफी शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. सरकती रेघ ओळखायला शिकणं मुळीच अवघड नाही.

आणि एक कोडं अजून सुटलेलं नाही. बी रेषा नेमकी जन्मते कशी? बहुतेकांचा कल असा, की हवेच्या गर्दीत पाण्याचा एखादा बारीक कप्पा तयार झाला, की आवाज त्यात शिरून अडकतो, आतल्या आत आपटत राहतो आणि थोडा थोडा बाहेर निसटतो. मशीनला तो उशिरा उशिरा पोचतो, म्हणून रेघ खोल खोल लांबत जाते. इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठात लिबर्टारिओ डेमी आणि त्यांचे सहकारी वेगवेगळ्या कंपनसंख्येचे आवाज सोडून या कप्प्यांचा अभ्यास करतात. कप्प्याच्या आकारमानानुसार एखादी रेषा एका कंपनसंख्येला उजळते आणि दुसरीला मंदावते. फुप्फुसात पाणी झिरपलं तरी बी रेषा येतात आणि फुप्फुस निबर होऊन आखडलं तरी येतात. डोळ्याला दोन्ही सारख्याच. पण त्या कोणत्या आवाजाला उजळतात हे मोजून दोन्हींतला फरक सांगता येईल का, याचा शोध आता सुरू आहे.